दोन रिलीज मागे

मुख्य कार्यालय, कॉम्प्युटर विभाग
८ जानेवारी

भाऊजी,

नमस्कार. टेपच्या डब्याला साहेबांचं परिपत्रक चिकटवलंय. ते वाचलंत तर तुम्हाला झोप येईल, म्हणून कामाचं तेवढं इथे लिहिते. मशीनची नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे पुढचं रिलीज, जूनच्या एक तारखेला इथे चढवायचं ठरलंय. इथलं मशीन पुढे जाणार आणि तुमचं शाखेतलं आहे तिथेच राहणार. आजवर हे चालून गेलं. प्रोग्राम बनवताना मी 'मागच्या रिलीजसाठी' असं सांगायचे, मशीन कुरकुर न करता तसा बनवून द्यायचं, आणि पंधरवड्याच्या ट्रकबरोबर टेप तुमच्याकडे यायची. पण मशीनला दोन रिलीजपलीकडचं मागचं दिसत नाही. जूननंतर तुम्ही तीन रिलीज मागे पडाल. मग मी बनवलेलं काहीही तुमच्याकडे चालणार नाही. ज्या शाखेचा साठा इथे दिसत नाही ती शाखा ठेवायची कशाला, असं साहेब बैठकीत बोलून मोकळेही झाले.

तेव्हा मे संपायच्या आत तुमचं मशीन नव्या रिलीजवर न्यायचं आणि थेट लाइन जोडून घ्यायची. काम अवघड नाही. साहेबांना मी सांगितलं ते असं, की प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात त्याचा साचा जपून ठेवलेला असतो. नवी सिस्टिम तो साचा घेते आणि प्रोग्राम नव्यानं ओतते. आपण नुसतं बघत बसायचं. साहेब म्हणाले, "मग तुम्हाला पगार कशाचा देतो आम्ही?" मी म्हटलं, बघत बसण्याचाच.

माझीही सुटका होईल. इथल्या सिस्टिमला दोन तारखांमधलं अंतर एका ओळीत काढता येतं. तुमच्या मशीनला ते कळत नाही, म्हणून मी अजून महिन्यांचे दिवस बोटांवर मोजल्यासारखे प्रोग्राम लिहिते आणि शेजारच्या टेबलावरची नवी मंडळी मला हसतात.

मास्तर बरे आहेत. आमच्या लग्नाला तीन वर्षं होत आली, तुम्ही कधी त्यांची चौकशी केली नाहीत, म्हणून न विचारताच सांगून टाकते.

वहिनी


शाखा गोदाम
१० जानेवारी

वहिनी,

नमस्कार. टेप मिळाली, चढवली, चालली. ट्रक उतरवून होईपर्यंत वेळ आहे तेवढ्यात लिहितो. उशीर झाला की ट्रकवाला भोंगा वाजवतो आणि मग माझं अक्षर बिघडतं.

मॅनेजरांची बदली झाल्यापासून त्यांच्या खोलीला कुलूप आहे. हमाल बाहेर घामानं निथळत पंपांची खोकी उचलतात आणि मी काचेच्या खोलीत मशीनच्या थंडाव्यात स्वेटर घालून बसतो. त्यांनी माझं नाव 'थंड साहेब' ठेवलंय. नावं ठेवण्याइतकी तरी त्यांना माझी दखल आहे, हे काय थोडं झालं.

एक शंका. लाइन जोडल्यावर टेप कशी यायची? ट्रकबरोबरच ना?

दादाने केलेला बारकोडचा प्रोग्राम परवा अडला होता. शाई संपली होती, प्रोग्रामचा दोष नव्हता. दादाचा प्रोग्राम अडलेला मी अजून पाहिला नाही.

मास्तरांना नमस्कार सांगा.

आपला,
भाऊजी


मुख्य कार्यालय
२२ जानेवारी

भाऊजी,

मास्तरांना नमस्कार सांगितला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. त्यांचं आनंदून जाणं एवढंच असतं.

तुमच्या शंकेचं उत्तर: टेप बंद. लाइन आली की मी इथे बटण दाबलं की प्रोग्राम तिथे हजर. टेप नाही, डबा नाही, ती मेणचटलेली पिशवी नाही, तिला सील लावायचं नाही. ट्रक फक्त पंप आणेल. तुमची अर्धी हमाली वाचली म्हणायची. काही सांगायचंच झालं तर पडद्यावर एक ओळ लिहून पाठवता येते. ती माझ्या पडद्यावर खाली उमटते आणि वाचली की पुसली जाते.

आता तुमचं काम एवढंच. तिथल्या सगळ्या प्रोग्रामांच्या पोटात साचे शाबूत आहेत का, ते तपासायचा हुकूम सिस्टिममध्येच आहे. तो चालवा आणि काय निघालं ते कळवा. सगळे असणारच. मी नुसती नियमाला धरून विचारतेय.

वहिनी


शाखा गोदाम
७ फेब्रुवारी

वहिनी,

तपासणी केली. वाईट बातमी आहे. साठ्याचे जे मूळ प्रोग्राम आहेत, दादाने लिहिलेले, त्यातल्या एकाच्याही पोटात साचा नाही. बाकी सगळे ठीक आहेत. पण साठ्याचेच नसतील तर नव्या रिलीजवर जाऊन करायचं काय?

मला वाटतं दादानेच ते काढले असतील. तेव्हा डिस्क लहान होती आणि साचा काढला की प्रोग्राम जवळजवळ निम्मा होतो. दादाला जागा वाचवायची सवय होतीच. मूळ लिखाणही त्याने कुठे ठेवलंय कोण जाणे. त्याला विचारणार तरी कसं.

तेव्हा सध्या आहे तसं चालू द्यावं असं मला वाटतं. शाखेसाठी साहेब थोडं थांबू शकणार नाहीत का? टेप आत्ता येते तशी येत राहिली तर माझी काही तक्रार नाही.

मागे एका पत्रात तुम्ही तुमच्या खिडकीतलं झाड तोडणार असल्याचं लिहिलं होतं. तोडलं का? आणि तुमची पाठ? मास्तर चालायला जातात का? सवडीनं सगळं लिहा, घाई नाही.

आपला,
भाऊजी


मुख्य कार्यालय
१९ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र वाचलं. तुमच्या दादांना जागा वाचवायचं वेड होतं हे खरं. घरातसुद्धा रिकामा डबा दिसला की त्यात काहीतरी कोंबायचे, मग ते सापडायचं नाही. पण प्रोग्रामातून साचा काढून टाकतील असं वाटलं नव्हतं. मला तर सांगायचे, साचा म्हणजे पुढच्या माणसाची सोय. असो, माणूस गेल्यावरही त्याच्याविषयी नव्यानं कळत राहतं.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "शाखा बंद करू, प्रश्न मिटला." मी म्हटलं, थांबा. माणूस तिथे एकटा ते मशीन सांभाळतोय, एक दिवस कधी साठा चुकलेला नाही, आणि तुम्ही त्याला एका ओळीत घरी बसवता? माझा आवाज चढला होता, मागाहून माझं मलाच आश्चर्य वाटलं. शेवटी असं ठरलं, की साठ्याचे प्रोग्राम मी पुन्हा पहिल्यापासून लिहायचे, रविवारी सकाळी येऊन, आणि मे संपायच्या आत. नाही झाले तर शाखा बंद आणि तुमची नोकरी गेली. मी हो म्हणून बसलेय. माझ्या शब्दाचा प्रश्न आहे, तुमच्या पोटाचा तर आहेच.

मला घाबरायला होत नाही. त्यांची लिहिण्याची ढब मला पाठ आहे. पण ते प्रोग्राम नेमकं काय करतात हे चालवून बघायला हवं. तेव्हा आहेत तसे, साच्याविना, एका टेपवर घालून पाठवा.

झाड तोडलं. त्या जागी आता शेजारच्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. त्यांची माझ्याशी ओळख नाही, मला मात्र त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजायची सवय लागलीय.

वहिनी


शाखा गोदाम
२१ फेब्रुवारी

वहिनी,

एवढा त्रास घेऊ नका. रविवार हा काय ऑफिसात घालवायचा दिवस आहे? मास्तर काय म्हणतील. साहेबांशी भांडायचीही गरज नव्हती. मला वाटलं होतं थोडे दिवस लांबेल, एवढंच.

टेप मागितलीत म्हणून पाठवतो आहे. बघा, पण डोळ्यांना ताण देऊ नका.

इथे सगळं पूर्वीसारखंच. घरी गेलो की रेडिओ लावतो आणि तो लावलाय हे विसरतो. पुढच्या वेळी पिशवीला सील लावताना जरा हलक्या हाताने लावा. ते फोडताना पाकिटाचा कोपरा फाटतो.

आपला,
भाऊजी


मुख्य कार्यालय
१९ मार्च

भाऊजी,

मधला ट्रक मुद्दाम पत्राविना सोडला. रागाच्या भरात लिहायचं नव्हतं. राग गेलेला नाही, पण आता अक्षर तरी नीट येतंय.

तुम्ही पाठवलेले प्रोग्राम मी रविवारी इथे उतरवले. प्रत्येकाच्या माथ्यावर मशीन दोन तारखा लिहून ठेवतं, तुम्हाला माहीत आहेच. एक प्रोग्राम बनला ती, आणि एक त्यात शेवटचा बदल झाला ती. बनल्याच्या तारखा बरोबर आहेत, तुमच्या दादांच्या वेळच्या. शेवटचा बदल सगळ्यांवर एकाच दिवशीचा आहे. यंदाचा, तीन फेब्रुवारीचा. तुमच्या दादांना जाऊन किती वर्षं झाली हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवशी काचेच्या खोलीत तुमच्याशिवाय कोण होतं?

साचे तुम्ही काढलेत. आणि मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही म्हणून त्याच्या नावावर खपवलंत. मी ते खरं मानलं. मनातल्या मनात त्यांना दोन शब्द बोललेसुद्धा, इतक्या वर्षांनी. तुमच्यासाठी साहेबांसमोर उभी राहिले, दोन रविवार घालवले.

का केलंत ते मला कळतं असं वाटतं. मी दुसरं लग्न केलं ते तुम्हाला रुचलं नाही, तोंडानं बोलला नाहीत एवढंच. त्यांच्या कामाला आता मी हात लावावा, नव्यानं ओतावं, बदलावं, हे तुम्हाला नको होतं. मग तसं स्पष्ट लिहायचं होतं. मी दूर झाले असते.

वहिनी


शाखा गोदाम
४ एप्रिल

वहिनी,

मागच्या ट्रकबरोबर उत्तर दिलं नाही. लिहिलं होतं, फाडलं.

तुमच्या लग्नाचा यात काही संबंध नाही. तुम्ही लग्न केलंत तेव्हा मला बरंच वाटलं होतं. तुम्ही एकट्या बसून राहिला असतात तर मला इथे झोप लागली नसती. पत्रिका आली तेव्हा आईला ती मीच वाचून दाखवली. मास्तरांची चौकशी केली नाही, कारण कोणत्या नात्यानं करायची ते कळत नव्हतं.

पिशवी बंद होणार असं तुम्ही जानेवारीत लिहिलंत. तुमच्या दृष्टीने ती माझी हमाली होती. आई गेली, मॅनेजरांची बदली झाली. आता मला नावानं हाक मारणारं इथे कुणी नाही. ट्रक यायचा त्या दिवशी मी सकाळी दाढी करून येतो. पिशवी फोडायची, टेप काढायची, खाली पाकीट असायचं. दादा होता तेव्हा तुम्ही घरच्या होतात. आता तुम्ही दुसऱ्या घरच्या आहात, आणि दुसऱ्याच्या घरी मी काय म्हणून पत्र पाठवू? टेप होती म्हणून तिच्याबरोबर चिठ्ठी जायची. ट्रकवाल्यानं एकदा विचारलं, ही पत्रं कुणाची. मी म्हटलं ऑफिसची. दुसरं उत्तर मला येत नव्हतं, अजूनही येत नाही.

साचा काढायला एकेका प्रोग्रामला एकेक ओळ टाइप करावी लागते. मशीन विचारतसुद्धा नाही, की खरंच काढू का. विचारलं असतं तर कदाचित थांबलो असतो. संध्याकाळी घरी गेल्यावर लक्षात आलं, की दादाच्या हातचं इथे तेवढंच उरलं होतं आणि ते मी पोकळ करून बसलो. परत भरता येत नाही हे मला माहीत आहे.

शाखा बंद झाली तर ते माझ्या कर्माचं फळ. तुम्ही रविवारी जाऊ नका. साहेबांना खरं ते सांगा, तुमचा शब्द जायला नको. मी वाईट मानणार नाही.

भाऊजी


मुख्य कार्यालय, कॉम्प्युटर विभाग
१६ एप्रिल

शाखा मशीन: सूचना

१. सोबतची जुनी टेप तळघरातल्या कपाटातून काढली आहे. साठ्याचे प्रोग्राम पहिल्यांदा शाखेला पाठवले तेव्हाची ही इथली प्रत. त्यात साचे शाबूत आहेत. त्यानंतर त्या प्रोग्रामांत कुणीही बदल केलेला नाही, त्यामुळे तेच वापरावेत. नव्यानं लिहिण्याची गरज उरलेली नाही.
२. आधीचे प्रोग्राम पुसून हे उतरवावेत. कशाचाही साचा काढू नये.
३. नव्या रिलीजच्या टेपा पुढच्या ट्रकने येतील. मेच्या अखेरच्या शनिवारी चढवावे.
४. साहेबांना 'जुनी प्रत सापडली' एवढंच कळवलं आहे. तेवढंच पुरे.


शाखा गोदाम
३० मे

मा. प्रोग्रामर, कॉम्प्युटर विभाग,
मुख्य कार्यालय यांस,

शनिवारी नवे रिलीज चढवले. आपल्या सूचनेप्रमाणे सर्व प्रोग्राम नव्याने ओतून घेतले. कुठेही अडचण आली नाही. ओतताना मशीन प्रत्येक प्रोग्रामचे नाव पडद्यावर दाखवते. दादाचे प्रोग्राम आले तेव्हा मी उठून उभा राहिलो. ते सर्व एकामागून एक नीट पुढे गेले.

लाइनवाले येऊन जोडणी करून गेले. सोमवारी सकाळी साठा आपल्याकडे दिसू लागेल.

जुनी टेप सोबत परत करत आहे. पिशवीही आत घडी करून ठेवली आहे. इथे तिचे आता काम नाही.

आपला विश्वासू,
शाखा ऑपरेटर


घरून
१४ जून

भाऊजी,

हे पत्र तुमच्या घरच्या पत्त्यावर पोस्टानं पाठवतेय. तिकीट मी स्वतः जाऊन लावलंय. यात कामाचं काहीही नाही, तेव्हा ट्रकवाल्याला दाखवायचं कारण नाही.

सोमवारी तुमचा साठा माझ्या पडद्यावर आला. शेवटच्या खोक्यापर्यंत बरोबर. साहेबांनी खुर्ची वळवून पाहिलं आणि "बरं" म्हणाले. शाखा राहिली, तुम्ही राहिलात. मग मी तुम्हाला एक ओळ पाठवली, 'लाइन चालू'. तुमचं उत्तर आलं, 'चालू'. वाचलं आणि पुसलं गेलं. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. दोन आठवडे आपण रोज एकमेकांना 'चालू' म्हणतोय. असं बोलणं आपल्याला जमायचं नाही.

तुमचं एप्रिलचं पत्र मिळाल्यावर मी नुसत्या सूचना पाठवल्या. रागावूनच पाठवल्या, खोटं कशाला बोलू. पण राग साच्यांचा राहिला नव्हता. मला पत्र लिहायला तुम्हाला कारण लागतं, त्याचा राग आला होता. मग वाटलं, मी तरी कधी कारणाशिवाय लिहिलंय? माझीही पत्रं टेपला चिकटूनच गेली. इथे ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणतात, मास्तरांची मुलगीसुद्धा मॅडमच म्हणते. वहिनी म्हणणारे तुम्ही एकटे आहात. पिशवी बंद केल्यावर माझं काय जाणार आहे, ते मला तुमच्यापेक्षा उशिरा कळलं.

एक गोष्ट इतके दिवस आपण दोघांनीही टाळली. आई गेल्याचं मला टेपच्या डब्यातून कळलं. तोवर आठवडा उलटला होता. तुमचं पत्र अडीच ओळींचं होतं. मी ते वाचलं, बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि बाहेर येऊन तुमची पुढची टेप बनवली. सोबत 'वाईट वाटलं' असं लिहिलं, जसं कुणीही लिहितं. घरची म्हणून रडायचं की बाहेरची म्हणून, हे मला ठरवता आलं नव्हतं. नऊ वर्षं मी त्यांच्या हाताखाली स्वयंपाक केला, भाऊजी. त्यांना काय औषधं होती, कुठे दुखायचं, शेवटी त्या कुणाला हाक मारत होत्या, मला काही माहीत नाही. माझं नाव कधी काढत होत्या का? शिव्या देत असतील तर तेही लिहा. मला ऐकायचंय.

सगळं लिहा. चार पानं होऊ देत. भोंगा वाजवणारं आता कुणी नाही.

पत्ता पाकिटावर मागे लिहिलाय. पोस्टमन दुपारी येतो, तेव्हा मी ऑफिसात असते आणि मास्तर एकटेच घरी असतात. पत्र कुणाचं म्हणून ते बुचकळ्यात पडायला नकोत, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवलंय, की माझ्या दिराचं पत्र येईल, नीट ठेवा.

तुमची,
वहिनी